मला येत नाही म्हणणारे गुरुजी

माझी बायको सिंधू गेली तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. जो तो येऊन काहीतरी शहाणपणाचं बोलून गेला. कोणी म्हणालं, तिचं सोनं झालं. कोणी म्हणालं, सुटली बिचारी. एक जण मला म्हणाला, आता देवाधर्मात मन गुंतवा. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, चहा घ्या आणि निघा.

तिसऱ्या दिवशी तांबोळी गुरुजी आले. येरवड्याहून दोन बस बदलून, हातात काठी. माझ्यासमोर सतरंजीवर बसले, खिशातला रुमाल काढून गुडघ्यावर पसरला आणि म्हणाले, "बाबूराव, अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही."

मग दोन तास बसले. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसांत मला बरं वाटलं ते तेवढेच दोन तास.

गेल्या महिन्यात गुरुजीही गेले. त्यांच्याबरोबरच्या शिक्षिका साठे बाईंनी फोन करून सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचा सराव म्हणजे गाडीच्या वहीत किलोमीटर टाकण्यापुरता. पण घरात बोलायला आता कोणी नाही, तेव्हा वहीशी बोलतो. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. मजकुरात तिला हात घालू दिलेला नाही.

मी बावीस वर्षं मास्तर लोकांची जीप चालवली. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या पुढे, डांबर सोडून आत गेलं की ज्या वाड्यावस्त्या लागतात, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधले सात जण माझ्या गाडीत असायचे. राहायला पुण्यात, नोकरीला खेड्यात. सकाळी हडपसरला गोळा करायचं, एकेकाला त्याच्या शाळेच्या दारात उतरवायचं आणि संध्याकाळी गोळा करून परत आणायचं.

खरं सांगायचं तर आधी मला ही मंडळी आवडायची नाहीत. गाडीत बसली की बदली, पगार आणि साहेब, या तीन गोष्टींपलीकडे विषय नाही. पोरांबद्दल बोलायची ती म्हातारी माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात तशी. आणि एकमेकांच्या वर्गाबद्दल चकार शब्द नाही. सात शाळा, सात मास्तर, प्रत्येकाचा आपापला दरवाजा बंद. कुणाच्या वर्गात काय शिजतंय ते दुसऱ्याला कळता कामा नये.

तांबोळी गुरुजी आले आणि तिसऱ्याच दिवशी गाडीत म्हणाले, "काल मी भागाकार शिकवला. एकालाही कळला नाही. मला तो शिकवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येतो?"

कुणीतरी गाडीत उलटी करावी तसे सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी आरशातून पाहिलं. बाबा, मास्तर असून हा मला येत नाही म्हणतो? माझ्या जन्मात मी असा मास्तर पाहिला नव्हता. मला चौथीत बडवणाऱ्या मास्तरालासुद्धा भागाकार येत नसणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उत्तर दिलं ते साठे बाईंनी. या सदाशिव पेठेतल्या. बारीक चणीच्या, जिभेवर कायम सुरी. त्या म्हणाल्या, "मला येतो. पण वाचन म्हटलं की माझा वर्ग झोपतो. हे मी फक्त एकदाच सांगणार आहे, पुन्हा विचारू नका."

गुरुजी म्हणाले, "वाचन मला येतं."

झालं. तिथून सुरू झालं.

गुरुजींचा एकेक प्रकार होता. सीटवर बसण्याआधी रुमाल अंथरायचे, आणि तो कधी मळलेला नसायचा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत बडीशेप भरलेली, ती सगळ्यांना देऊन मग स्वतः खायची. लाल पेन ठेवत नसत. म्हणायचे, लाल शाई बघून पोरगं आधी घाबरतं, चूक नंतर बघतं. खिशात एक छोटी वही. त्यात दुसऱ्यांच्या युक्त्या लिहायच्या, वर ज्याची युक्ती त्याचं नाव. कदम सरांची कविता. साठे बाईंचा भागाकार. स्वतःच्या नावाचं एक पान नव्हतं त्यात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझं मला पाठ आहे, ते कशाला लिहू?"

रमजानात ते रोजे धरायचे, आणि त्या महिन्यात गाडीत कुणी डबा उघडायचं नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं. साठे बाईंनी एके दिवशी उघडला नाही, मग कुणीच नाही.

गाडीत माझ्या शेजारची सीट कदम सरांची. ते सगळ्यांत जुने, मुख्याध्यापक, त्या सीटवर दुसरं कोणी बसलं तर तोंड फुगायचं. गुरुजींनी हळूच एक रीत काढली. काल ज्याचा तास पडला, त्यानं आज पुढं बसायचं. म्हणजे त्याला मागं वळून सगळ्यांना सांगता येतं, कुठं अडलं ते. पहिला महिना गुरुजीच पुढं बसले. रोज. कदम सर मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, बघण्यासारखा चेहरा. महिन्यानं एका सकाळी कदम सर मुकाट्यानं येऊन पुढं बसले. मला वाटलं जुनी सवय. गाडी फुरसुंगीच्या पुढं गेली तेव्हा खाकरले आणि म्हणाले, "काल मी एका मुलीला मारलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून. घरी जाऊन जेवण गेलं नाही."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी बडीशेपेची बाटली पुढं केली.

आता मुद्द्याचं. गुरुजींची शाळा माळवाडीला. एक खोली, एक मास्तर, पहिली ते चौथी सगळी पोरं एकत्र. त्या वर्षी हमरस्त्यावर इंग्रजी शाळा निघाली आणि तिची पिवळी बस फाट्यापर्यंत यायला लागली. गळ्यात टाय घातलेली पोरं बघून माळवाडीच्या लोकांचाही जीव वर-खाली व्हायला लागला. पोरं तिकडं गेली की पट पडणार, पट पडला की शाळा बंद. आणि ज्यांना बसची ऐपत नाही त्यांची पोरं चार मैल चालणार किंवा घरी बसणार. त्यात मुलीच जास्त. गुरुजींना झोप लागत नव्हती ती याच्यामुळं. स्वतःच्या नोकरीचं काय, ती कुठंतरी लागली असतीच.

पालकांची सभा भरली. संध्याकाळची वेळ होती, मी गाडी घेऊन न्यायला गेलो होतो, म्हणून दारात उभा राहून सगळं ऐकलं. हिराबाई नावाची एक बाई सगळ्यांच्या वतीनं बोलली. मेथी-कोथिंबिरीची शेती, नवरा अबोल, ही दोघांचं बोलणारी. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही माणूस चांगलं हाय. पोरांस्नी वाचाय येतंय, गोष्टी सांगत्यात. पर हिशोबात ठार हायती. माझ्या शालूला साधी वाटणी करता येईना. मग काय गोष्टी सांगून पोट भरायचं का तिनं?"

दुसरा कोणी मास्तर असता तर पोरांवर ढकललं असतं. पुस्तकावर, सरकारवर. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "शालूची चूक नाही. मला गणित शिकवता येत नाही."

सभेत कुजबुज झाली. मी मनात म्हटलं, घालवली हातानं शाळा.

हिराबाई म्हणाली, "येत न्हाय तर मग तुमच्याकडं ठेवायची कशाला?"

"ज्यांना येतं त्या बाई मी आणतो. बोरमळ्याच्या शाळेत आहेत. दिवाळीपर्यंत थांबा. तरी नाही जमलं तर मीच तुमची पोरं त्या पिवळ्या बसमध्ये बसवून देईन."

हिराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली, "दिवाळी. येक दिस जास्त न्हाय."

ठरलं असं, की दर मंगळवारी अदलाबदल. साठे बाई माळवाडीला गणित घेणार, गुरुजी बोरमळ्याला वाचन. साहेबांना विचारलं तर नाही म्हणणार, म्हणून विचारलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पोरं सुधारत होती, पण एके ठिकाणी गाडी अडली. तीनशे बारा भागिले तीन. पोरं चौदा उत्तर लिहायची. मधलं शून्य खायची. साठे बाई आठवडाभर पुढच्या सीटवर. सगळी गाडी त्या शून्याच्या मागं. बोर्डावर लिहून झालं, खडे मांडून झाले. पोरं मान हलवायची आणि परत चौदा.

मी कधी त्यांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी सहज बोललो. म्हटलं, आमची मंडळी, सिंधू, मांजरी गावच्या माळ्यांची. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण लहानपणापासून मेथीच्या जुड्या बांधल्या. तीनशे बारा जुड्या तीन गिऱ्हाइकांत वाटायला सांगा, बोलता बोलता वाटेल.

साठे बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. "मग आजवर गप्प का होतात? गाडी चालवायला तोंड लागतं का?"

पुढच्या मंगळवारी सिंधू आली. येत नव्हती. म्हणाली, मास्तरांच्या पुढं मी काय शिकवू, लोक हसतील. गुरुजी स्वतः घरी येऊन तिला म्हणाले, "सिंधूताई, आम्हा सात जणांना येत नाही. तुम्हाला येतं. आता लाज कुणी वाटून घ्यायची?"

ती नऊवारी नेसून, नवीन चोळी घालून जीपमध्ये बसली. मी तिला लग्नानंतर एवढी घाबरलेली पाहिली नव्हती. माळवाडीच्या पोरांनी दोन दिवस खपून गवताच्या बारक्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. मेथी म्हणून गवत. सिंधू खाली बसली. दहा जुड्यांचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा शेकडा, बाजारात मोजतात तसं. तीन पोरांना समोर बसवलं. प्रत्येकाला एक शेकडा दिला. उरला एक गठ्ठा आणि दोन सुट्ट्या. तिनं विचारलं, "आता गठ्ठा तीन जणांत कसा वाटायचा?" पोरं म्हणाली, वाटता येत नाही. "मग गठ्ठ्याच्या जागी तुमच्या हातात काय आलं?" शालू म्हणाली, "काय बी न्हाय." सिंधू म्हणाली, "मग ते काय बी न्हाय लिवा की. लिवलं न्हाय तर कळंल कसं गठ्ठा आला न्हाय ते?" मग तिनं गठ्ठा सोडला, बारा सुट्ट्या झाल्या, चार-चार वाटल्या.

एकशे चार. साठे बाई खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "बाबूराव, तुमची बायको तुमच्यापेक्षा बरीच हुशार आहे." मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

गुरुजींनी वहीत पान काढलं. सिंधूताईंची जुडी. सिंधूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते पान तिनं बराच वेळ हातात धरलं होतं.

मग घोळ झाला, आणि तो माझ्यामुळं. सप्टेंबरात एका शनिवारी मी सासवडला लग्नाला गेलो होतो, गाडी मेव्हण्यानं नेली. त्या दिवशी गाडीत ठरलं होतं की येत्या मंगळवारी तपासणीला साहेब येणार, तेव्हा अदलाबदल बुधवारी करायची. मेव्हण्यानं मला सांगितलं नाही. सोमवारी सुट्टी. मंगळवारी मी नेहमीसारखा निघालो. आणि या लोकांचं बोलणं इतकं रंगलं होतं, जोडाक्षरं आधी शिकवायची की नंतर, की बोरमळ्याला गाडी थांबल्यावर गुरुजी बोलत बोलतच उतरले. माळवाडीला साठे बाई उतरल्या. मी कुठं थांबवतोय तिकडं कुणी पाहिलंच नाही. गाडी थांबली की उतरायचं, एवढं त्यांच्या अंगात मुरलं होतं.

साहेब अकरा वाजता माळवाडीला. शाळेत तांबोळी नाहीत, बोरमळ्याच्या बाई आहेत. साहेबांनी विचारलं, "आपण इथे कशा?" साठे बाई म्हणाल्या, "चुकून. मुलं मात्र चुकत नाहीत, विचारून बघा." साहेबांनी काही विचारलं नाही. जीपमध्ये बसून थेट बोरमळा गाठला.

दोघांनाही नोटीस आली, खुलासा करा म्हणून. मी गुरुजींना म्हटलं, माझं नाव लिहा, मीच उतरवलं चुकीच्या जागी. ते म्हणाले, "आपण कुठे उतरतोय हे बघायचं काम आमचं होतं, बाबूराव." आणि त्यांनी लिहून दिलं की अदलाबदलीची कल्पना माझी, साठे बाई माझ्या सांगण्यावरून आल्या. साठे बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझा खुलासा मी करीन, तुम्ही कोण मला वाचवणारे, असं म्हणून.

निकाल असा लागला की शिक्षकानं शाळेच्या वेळात आपली शाळा सोडायची नाही. गुरुजींच्या कागदावर शेरा आला. त्या वर्षी त्यांची बढती पक्की होती, ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आणि दिवाळी पाच आठवड्यांवर.

गाडीत सुतक असल्यासारखं वातावरण. दोन दिवस कुणी पुढच्या सीटवर बसलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी साठे बाईंचा अबोला सुटला. त्या हुकमाचा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "यात शिक्षकांना मनाई आहे. मुलांना कुठे आहे? क्षेत्रभेट तर अभ्यासक्रमातच आहे. पोस्ट बघायला नेतात, पाणवठा बघायला नेतात. बोरमळ्याची शाळा बघायला न्यावी."

कदम सर म्हणाले, दर मंगळवारी?

"शाळा मोठी आहे. एका दिवसात बघून होणार नाही."

बोरमळ्याची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक हौद. गुरुजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पण पालकांची संमती हवी होती. ज्यांनी दिवाळीला पोरं काढायचं ठरवलं होतं त्यांचीच. गुरुजी घरोघर कागद घेऊन फिरले. नोटिशीचं, बढतीचं काही बोलले नाहीत. पण खेड्यात काय लपतंय? हिराबाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, "तुम्हाला साहेबानं दम दिला म्हनं." गुरुजी म्हणाले, "दिला." "तरी बी नेनार पोरं?" "तुम्ही पाठवलीत तर." तिनं अंगठा उमटवला आणि म्हणाली, "दिवाळीचं बोलनं हाय ते हायच बरं का." तिच्यामागून सगळ्यांनी दिले.

पाच मंगळवार मी सकाळी सगळ्यांना सोडून परत माळवाडीला जायचो आणि पोरं न्यायचो. जीपमध्ये किती बसली ते लिहीत नाही, अजून कुणी दंड करायचं. गुरुजी त्यांच्याबरोबर. बोरमळ्यात दोन्ही शाळांची पोरं एकत्र बसायची. साठे बाई गणित घ्यायच्या तेव्हा गुरुजी मागं पोरांच्यात मांडी घालून बसलेले, आणि गुरुजी गोष्ट वाचायचे तेव्हा साठे बाई. मी हौदावर बसून ऐकायचो. शून्य मला तिथंच कळलं, वयाच्या पन्नाशीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी सभा भरली. या वेळी मी सिंधूलाही घेऊन गेलो. गुरुजींनी पोरांचे पेपर आणून ठेवले होते. हिराबाईनं पेपर बाजूला सारले. म्हणाली, ते मला कळत न्हाय. शालूला पुढं बोलावलं आणि स्वतःच्या मनानं गणित घातलं. "सहाशे अठरा जुड्या. सहा घरं. बोल."

शालूनं बोर्डाकडं न जाता जमिनीवर बोटानं मांडलं. एक लिहिलं. मग थांबली. फार वेळ थांबली. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा रुमाल त्यांच्या मुठीत पार चुरगळला होता. सिंधूनं माझा दंड धरला. शालूनं शून्य काढलं. मग तीन.

"एकशे तीन," म्हणाली.

हिराबाईनं मनाशी ओठ हलवून मोजलं. तिला वेळ लागला. मग उठली, पदर खोचला आणि लोकांकडं वळून म्हणाली, "चला. बस जाऊ द्या तिची तिकडं."

दोन घरं तरी गेलीच त्या बसमध्ये. बाकीची राहिली. शाळा राहिली. पुढं बढतीचा विषय निघाला की गुरुजी म्हणायचे, मिळाली असती तर मला माळवाडी सोडावी लागली असती, बरं झालं. मला आधी वाटायचं, मनाची समजूत घालतोय माणूस. पण ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले आणि एकदाही तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा खरंच असणार.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सिंधू गेल्यानंतर महिन्याभरानं. त्यांनी फोन केला, मंगळवारी माळवाडीला येता का. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून जायचे. माझी जीप केव्हाच विकली होती. बसनं गेलो, पुढं रिक्षा केली. शाळेला आता दोन खोल्या आहेत, रंग दिलाय. त्या दिवशी बोरमळ्याची पोरं आलेली होती. नव्या शिक्षिका होत्या, दोघीही पोरीच. मी विचारलं, हे काय चाललंय. एक म्हणाली, "काका, आज क्षेत्रभेट आहे. दर मंगळवारी असते." मी विचारलं, शाळेत येण्याला क्षेत्रभेट का म्हणतात? तर म्हणाली, माहीत नाही, आम्ही आलो तेव्हापासून रजिस्टरला असंच आहे.

मी गुरुजींकडं पाहिलं. ते आधीच मागच्या रांगेत जाऊन सतरंजीवर बसले होते, काठी शेजारी आडवी, कुणाची तरी पाटी मागून मांडीवर घेतलेली. बाई अपूर्णांक शिकवत होत्या. गणित घातलं. सगळ्या पोरांबरोबर गुरुजींनीही केलं आणि चुकवलं. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीनं वाकून पाहिलं, जीभ चावली आणि पाटी आपल्याकडं ओढून त्यांना समजावायला लागली.

चारची बस फाट्यावर लागायची वेळ झाली होती. मी दारातून घड्याळ दाखवलं. त्यांनी वर न बघता हातानंच थांबा म्हटलं. त्या मुलीचं अजून सांगून झालं नव्हतं.

घरी कोण वाट बघणार होतं? मी चपला काढल्या आणि दाराशी बसलो. बस गेली तिची.